राक्षसाच्या हाती पदर

वडगावच्या नागोजी विणकराचं ठाम मत होतं, की नाटकात नायक कुणीही होऊ शकतो. खरं बोलायचं आणि छाती काढून उभं राहायचं, झालं. राक्षसाला मात्र गुण लागतात. हसणं विहिरीतून आल्यासारखं, चालणं रेड्यासारखं आणि काळीज दगडाचं. हे सगळं त्यानं मागावर बसल्या बसल्या घोटलं होतं.

"आज निपाणीत एक जरी माणूस भ्याला न्हाय," नाटक मंडळीचा मालक धरणेंद्र म्हणाला, "तर उद्यापासून राक्षस दुसरा."

"बायका मूर्च्छा येऊन पडतील, आप्पा. पाणी तयार ठेवा."

पडदा उघडला. नागोजी हसला. पुढं बसलेल्या पद्मावतीआक्कांनी चक्क कान झाकले. राजकन्या झालेला सुबराव किंचाळला. आता राक्षसानं तिचा पदर टरकन फाडायचा होता. तालमीत पदराच्या जागी पंचा असायचा. आज खरं, हातमागावर विणलेलं शहापुरी लुगडं होतं.

नागोजीनं पदर धरला आणि त्याची बोटं आपोआप काठावरून फिरू लागली.

"अण्णा, फाडा की," सुबराव पुटपुटला.

"थांब रं. वीण बघ कशी बसलीया."

"लोक बघाल्यात."

"बघू देत. असला पदर फाडायला मी काय राक्षस हाय?"

मांडवात हशा पिकला. पडद्याआडून धरणेंद्र "फाड रं, फाड" म्हणून दातओठ खात होता. नागोजीनं डोळे मिटून सगळा जोर लावला. डोळे उघडले तर पदराची नीट घडी झाली होती.

इतक्यात ठरल्याप्रमाणे नायक परशराम तलवार उपसून धावत आला. त्याचा पाय लुगड्यावर पडला. टर्रर्र.

"डोळं फुटल्यात का तुझं?" नागोजी असा गरजला, की गॅसबत्ती फडफडली. "कोण बिचारा पाठ मोडून विणला आसंल!"

परशराम तलवार टाकून पळाला.

"राक्षस बरोबर बोलतोय," मागून कुणी ओरडलं. "राजकन्या त्यालाच द्या."

मग सगळा मांडवच राक्षसाचं लग्न लावा म्हणून हटून बसला. धरणेंद्रनं खेळ गुंडाळला.

"भ्यालं का कोण?" त्यानं विचारलं.

"परशराम भ्याला की."

"घरातला माणूस धरत न्हाय."

तेवढ्यात पद्मावतीआक्का बिचकत, हात जोडून रंगपटाच्या दाराशी आल्या. नागोजीचा चेहरा उजळला. "ही बघा, आप्पा. कशी थरथराय लागलीया."

आक्कांनी बगलेतून एक विरलेलं लुगडं काढलं.

"राक्षसप्पा," त्या म्हणाल्या, "एवढं रफू करून देशील काय रं?"