कंपूशाही : सर्वानुमते मंजूर अर्थ

कट्टा या बाजारगावाच्या अलीकडच्या एका गावात वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. निवृत्त शिक्षिका रोझालिना टीचर अकरा वर्षे त्यावर रोज एक शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य लिहीत आल्या. ताप असो वा नाताळ, खाडा नाही. पेपर वाचायला येणारी मंडळी फळा वाचत नसत, त्यामुळे सारे सुरळीत चालले होते.

एका सोमवारी त्यांनी लिहिले : ‘कंपूशाही – आपल्या गटाचे ते सारे बरोबर मानण्याची वृत्ती. वाक्य : कंपूशाहीमुळे गावाची पाण्याची टाकी राहून गेली.’

टाकी खरोखरच राहिली होती. वरची आणि खालची, अशा गावातल्या दोन्ही वाड्यांना ती आपल्याच जागेत हवी होती. दहाच्या सुमाराला वरच्या वाडीचे पुढारी धोंडू हजर झाले.

“टीचर, ह्यां वाक्य आमच्यार लिवलात!”

“मी खंय कोणाचा नाव घेतलंय?”

“घेवक नाय, म्हणानच तर कळला!”

अकरा वाजता खालच्या वाडीचे जितेंद्र आले. तक्रार तीच, फक्त आवाज चढा. टीचरांनी वाक्य पुसले. तेव्हा दोन्ही वाड्यांनी लेखी कळवले की नुसता अर्थ तर अधिकच झोंबतो. मग सगळाच फळा कोरा ठेवला, तर ‘मौन बाळगून टोमणा मारल्याबद्दल’ खुलासा मागवण्यात आला. अखेर ठरले की शब्दाचा अर्थ शनिवारची ग्रामस्थांची सभा ठरवील; न ठरल्यास फळा कायमचा उतरवावा.

टीचरांना रडूच आले. अकरा वर्षे खडूची धूळ खाल्ली ती यासाठी? फळा गेला तर सकाळी उठायचे कशाला, हेच त्यांना कळेना.

शनिवारी दोन्ही वाड्या समोरासमोर बसल्या. धोंडूंनी “आमचा म्हणणा असा की” एवढे म्हणताच वरची वाडी गर्जली, “व्हय म्हाराजा!” देवळात गाऱ्हाणे घालताना द्यायचा हा होकार इथे म्हणणे ऐकण्याआधीच मिळत होता. जितेंद्र नुसते खोकले, तर खालच्या वाडीने खोकल्यालाही पाठिंबा दिला.

टीचर चर्चला जाणाऱ्या. पण गाऱ्हाण्याची चाल जन्मभर कानावर पडलेली. त्या उठल्या आणि त्याच चालीत सुरू झाल्या.

“बा देवा म्हाराजा, आमच्या वाडीचो माणूस चुकलो, तरी तो बरोबर...”

“व्हय म्हाराजा!” दोन्ही वाड्या एका सुरात.

“पलीकडच्या वाडीचो बरोबर आसलो, तरी तो चूक...”

“व्हय म्हाराजा!”

“पाणी नाय गावला तरी चलात, पण टाकी तेंच्या जाग्यात नको...”

“व्हय म्हाराजा!”

टीचरांनी हेच शब्द अर्थ म्हणून इतिवृत्तात लिहिले आणि सावकाश वाचून दाखवले. आता तरी माणसे वरमतील, अशी त्यांची भाबडी आशा. मग धोंडूंनी डोळे टिपले. “टीचर, इतक्या वर्सांत आमका वळाखणारा कोण तरी गावला!”

“ह्येका शिवी कोणी म्हटल्यान?” जितेंद्रही गहिवरले. “ह्यो तर गुण!”

अर्थ सर्वानुमते मंजूर झाला. गावात एकमताने झालेला हा पहिलाच ठराव. फळा वाचला, टीचर पुन्हा रोज नवा शब्द लिहितात. ‘कंपूशाही’ मात्र ठरावानुसार वरच्या बाजूला तैलरंगात कायम आहे. टाकीचा विषय पुढील सभेत घ्यायचे ठरले आहे.

ही हकीकत वाचताना तुम्हालाही एखादे टोळके आठवले असेलच. ते तुमचे नसून पलीकडचे होते, याबद्दल तुमच्या सर्व मंडळींचे एकमत होईल, याची आम्हाला खात्री आहे.