दर्यावरच्या तरकंपनीने पूर्वतीरी इमारत उठविली त्याची हकीकत

श्री समुद्र प्रसन्न. ऐलतीर पैलतीर दोहींचें कल्याण असो. शके अठराशें त्र्याऐंशी, प्लवनाम संवत्सरी, एका बंदरराज्यांत जें वर्तमान वर्तलें तें जाणत्यांचे तोंडून ऐकोन लिहिलें ऐसें.

त्या बंदरी उतारू पार नेणारी तरकंपनी होती. चौदा नावा, दोन धक्के, पूर्वतीरी कोळशाची वखार, ऐसा मुलूख. थोरले मालक कैलासवासी जाहले आणि गादीवर त्यांचें कुटुंब अनसूयाबाई बसल्या. बाई साठीच्या, परंतु धक्क्यावर उभ्या राहिल्या म्हणजे खलाशी विडी विझवीत. मग सरकारने खाडीवर पूल बांधिला, आणि मोटारी धांवों लागल्या, आणि नावांतलीं बांकें ओस पडलीं. तेव्हां दिवाण सखोपंत बोलिले, "बाईसाहेब, पाण्याचें राज्य सरलें. आतां जमिनीवर चाल करावी. वखार पाडून सहा मजली इमारत उठवूं, चाळीस बिऱ्हाडें बसवूं, आणि नावा मोडीत काढूं." बाईंस गोष्ट पटली. बोलिल्या, "इमारत उठवा. दोन नावा राहूं द्या." मग बारा नावा गेल्या. त्या दिवशीं बाई जेवल्या नाहींत.

इमारत उठली. परंतु जमीन बंदरसरकारची, आणि करार ऐसा कीं कार्तिक शुद्ध दशमीस सूर्य मावळण्याआधीं चाळीस कुटुंबांनीं जागेवर येऊन अंमलदारासमोर सह्या कराव्या, न केल्यास इमारतीसुद्धां जमीन सरकारजमा. घरें घेणारी मंडळी सारी पश्चिमतीरीची. दशमीस तीं मोटारींत बसून निघालीं, आणि तिसऱ्या प्रहरीं खबर आली कीं पुलावर मिठाचा ट्रक आडवा जाहला, कठडा तुटला, आणि शिपायांनीं पायीं जाणारांसही वाट बंद केली. सखोपंत करार उघडून पुन्हा वाचूं लागले. बाईंनीं पदर खोंचिला आणि नाव हांकणाऱ्या धाकू सारंगास हांक मारिली.

"धाकू, नावा चालतील?"

"एकीचं इंजिन खोललंय, बाय. दुसरी चालंल. पन ओहोटी लागलीय."

"मग उभा काय राहिलास? सोड दोर! मी येतें."

आणि नाव सुटली, आणि बाई पुढें नाळेच्या टोकावर उभ्या, आणि पाणी दोहीं अंगांनीं उसळतें आहे, आणि पुलावर अडकलेले लोक नाव पाहून आरोळ्या देत मागें पश्चिमतीरीच्या धक्क्याकडे धांवले. धक्क्याशीं चिखल उघडा पडला होता. मग धाकूने नाव टोकाच्या खांबास अशी भिडविली कीं रंग खरवडला, आणि बाईंनीं आपले हात देऊन म्हातारेकोतारे आंत घेतले, आणि चाळीस घरचे लोक घेऊन नाव फिरली. मध्यावर इंजिन अडखळलें. धाकूने एक शिवी हासडली, मग दुसरी, आणि इंजिन लागलें! नावेंत ऐसा जयघोष जाहला कीं पूर्वतीरी अंमलदार खुर्चीवरून उठून पाहों लागला.

मग सह्यांची घाई उडाली. एकुणचाळीस जाहल्या. चाळिसावी बायजा कोळीण. तिने अंगठ्यास शाई लाविली आणि हात तसाच अधांतरी धरिला.

"घर झ्याक हाय, बाय. पन उद्या मासली पल्याडच्या बाजारात न्यायची कशी? मोटारवाला पाटी घेत नाय."

सूर्य पाण्यास टेकला होता. सखोपंत कानाशीं लागले, "होईल कांहीं सोय, म्हणून टाका."

बाई बोलिल्या, "नाव नेईल."

"आज हाय. उद्या?"

"लिहून देतें."

सखोपंतांनीं हात जोडिले. "बाईसाहेब, हें जन्माचें गळ्यांत पडेल!"

"पडूं दे. बारा घालविल्या, तेव्हां कोणी मला विचारलें नाहीं कीं लोकांनीं जावें कसें. हिने विचारलें." ऐसें म्हणोन बाईंनीं करारावर स्वहस्तें लिहिलें कीं इमारत उभी तोंवर नाव चालेल. बायजाने कागदावर अंगठा उठविला, अंमलदाराने शिक्का मारिला, आणि सूर्य बुडाला.

पुढें कंपनीने दोहीं तीरीं नऊ इमारती उठविल्या, आणि लोक तिला घरांची कंपनी म्हणों लागले. नावा दोनच राहिल्या, पण राहिल्या. सखोपंत दरसाल त्या बंद करण्याचा कागद पुढें ठेवीत, आणि बाई तो न वाचतां परत देत. ऐसी अकरा वर्षें गेलीं. मग बाई वारल्या, आणि सखोपंतांनीं पुन्हा तो कागद लिहिला नाहीं. इति.