लीलाताईंचं आमिष

"पगारे, हे चाखून बघा. आणि खरं सांगा, तुम्ही घूस असता तर ह्याच्यासाठी पिंजऱ्यात शिरला असता का?"

नाशिकला पेठ नाक्याजवळच्या चाळीत मी राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी दारात उभ्या राहून एका बाईंनी मला हे विचारलं. अंगात नर्सचा पांढराशुभ्र गणवेश, घड्याळ उजव्या मनगटावर आणि हातात बशी. बशीत भाजलेली सुकट आणि शेंगदाणे कुटून वळलेला लाडू. मी बँकेत नुकताच लागलेला कारकून. अनोळखी बाईंना नाही म्हणायची हिंमत नव्हती. चाखला. बरा होता.

"शिरलो असतो," मी म्हणालो.

"शहाणे आहात," म्हणून त्या चालत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी चाळीमागच्या गटारापाशी पिंजऱ्यात ही एवढी मोठी घूस फुसफुसत बसली होती आणि माझी चाळभर ओळख झाली होती. लाडू चाखलेले पगारे.

ही गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. लीलाताई गावित एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, लग्न केलेलं नाही, आवाज खणखणीत. अर्ध्या पंचवटीतली पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. ड्यूटी संपली की त्या पिंजरे लावायच्या. उंदीर, घूस, मुंगूस, कुणाच्या माळ्यावर काय शिरलं असेल ते. पकडलेलं जनावर मारायच्या मात्र नाहीत. पिंजरा सायकलच्या कॅरियरला बांधून लांब माळावर सोडून यायच्या.

"जन्माला घालायचं खातं माझ्याकडे आहे," त्या म्हणायच्या. "दुसरं खातं दुसऱ्याचं."

"पण ताई, त्या माळापलीकडच्या लोकांनी काय करायचं?"

"त्यांच्यात असेल की एखादी लीलाताई!"

आमिषाच्या बाबतीत त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "त्याला काय आवडतं ते मला सांगू नका. त्याला काय मिळत नाही ते सांगा." आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात एक उंदीर महिनाभर पिंजऱ्याला चकवत होता. पिंजऱ्यात रोज गरमागरम भजं. लीलाताई आल्या, तेलकट भिंतींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ज्या घरात रोज तळण, तिथल्या उंदराला भज्याचं काय कौतुक? बिचाऱ्याला काकडी द्या." मालकीणबाई फुगल्या, पण उंदीर सकाळी काकडी कुरतडत पिंजऱ्यात बसलेला सापडला.

असाच एकदा फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतहून भाऊसाहेब म्हणून एक द्राक्षवाले आले. त्यांच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं लीलाताईंनी केलेली, म्हणून हक्कानं आले.

"ताई, उदमांजर लागलंय बागेला. लय नासाडी. माल काढणीवर आला, आन् हे रोज रात्री येऊन गोड गोड घड तेवढे खातं. गडी म्हणतात इख घाला."

"विष नाही घालायचं. पिंजरा लावला होता?"

"लावला ना. चांगली निवडून द्राक्षं ठिवली आत."

लीलाताई पोट धरून हसल्या. "अहो भाऊसाहेब, चहूकडे तुमचीच द्राक्षं लटकतायत. ती सोडून ते पिंजऱ्यात कशाला जाईल? तुमच्या भिडेखातर?"

त्या शनिवारी त्या मला घेऊन पिंपळगावला गेल्या. पिंजरा उचलायला माणूस लागतो, एवढंच कारण सांगितलं. पहिलं आमिष भाजलेले बोंबील. सकाळी पिंजऱ्यात शेजारच्या मळ्यातला बोका. त्याला सोडला. गड्यांनी संध्याकाळी पुन्हा बोंबील लावले, तर तोच बोका पुन्हा हजर, बाहेर निघायलाही तयार नाही. वर भाऊसाहेबांच्या म्हाताऱ्या आई काठी आपटत आल्या. "माझ्या मळ्यात मासळीचा वास नको म्हंजे नको!"

लीलाताई डगमगल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पेठच्या बाजारातून वाळलेल्या मोहाच्या फुलांची पिशवी घेऊन आल्या. "पिंपळगावात हे कुठून मिळणार त्याला?" म्हणाल्या. मोहाची दारू काढतात, हे तर सगळ्यांना माहीत. पिंपळगावच्या एसटीत त्या वासानं माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली. कंडक्टर जवळ येऊन हळूच म्हणाला, "सिस्टर, हातभट्टी चालवता काय?"

"चालवते," लीलाताई तिकिटाचे पैसे देत म्हणाल्या. "गिऱ्हाईक चार पायांचं आहे."

फुलं गुळाच्या पाण्यात भिजवली, केळीच्या पानावर ठेवून पिंजऱ्यात सरकवली. म्हाताऱ्या आईंनी वास घेऊन नाक मुरडलं, पण मासळी नव्हती म्हणून गप्प बसल्या.

सकाळी उदमांजर पिंजऱ्यात होतं. काळसर, लांब शेपटीचं, डोळे मण्यांसारखे. गडी काठ्या घेऊन धावले. लीलाताई पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या, वाकून बघितलं आणि ताडकन उठल्या.

"थांबा! बाळंतीण आहे ही. दूध आहे तिला."

"म्हंजे पिलं बी हायेत?" भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. "मग तर समदीच निकालात काढू."

"काठ्या खाली ठेवा. तुमची नासाडी थांबवायला बोलावलंत ना? थांबवते. सगळं बिऱ्हाड उचलून घेऊन जाते. पण एकाला जरी काठी लागली, तर पुढच्या वेळी वहिनींना कळा आल्या की मला हाक मारायची नाही."

ही धमकी साफ खोटी होती. अर्ध्या रात्री हाक आली असती तरी त्या धावल्या असत्या. पण भाऊसाहेबांना ते माहीत नव्हतं. काठ्या खाली गेल्या.

दुपारपर्यंत आम्ही मळा पालथा घातला. शेवटी पंपाच्या खोलीत, छपराखालच्या जुन्या गोणपाटांत तीन पिलं सापडली, मुठीत मावतील एवढी. लीलाताईंनी ती पदरात घेतली, द्राक्षांच्या करंडीत गवत घालून त्यात ठेवली. भाऊसाहेबांनी ड्रायव्हरसकट टेम्पो दिला.

पेठ रस्त्यानं डोंगरात शिरल्यावर, ओढ्याकाठी उंबराची दाट झाडं होती तिथे आम्ही उतरलो. करंडी एका झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि लांबून पिंजऱ्याचं दार उघडलं. उदमांजर सुसाट झाडीत गेलं. पिलांकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आम्ही टेम्पोच्या आडोशाला बसून राहिलो. ऊन कलायला लागलं. करंडीतून बारीक चिरका आवाज येत होता. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "निघू या का ताई? ती काय आता येत नाय."

"येईल," लीलाताई म्हणाल्या.

पुन्हा बराच वेळ गेला. मी म्हणालो, "ताई, घाबरलीय ती. पिलं आपणच घरी नेऊन वाढवली तर?"

"येईल म्हटलं ना!" त्या माझ्यावर ओरडल्या. त्यांना असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग खालचं गवत उपटत म्हणाल्या, "मी इकडचीच. त्या डोंगरापलीकडं आमचं गाव. आई मला नाशिकला वसतिगृहात सोडून गेली होती. घरची सगळी हंगामाच्या कामाला निघाली होती. म्हणाली, काम संपलं की न्यायला येते. मी रोज फाटकाशी बसायचे."

"मग?"

"मग काय. दिवे लागले की वसतिगृहाच्या बाई यायच्या आणि हात धरून जेवायला न्यायच्या."

"आणि आई?"

"नाही आली. का नाही आली, ते सांगायलाही कुणी आलं नाही."

ड्रायव्हरनं पेटवलेली विडी विझवून टाकली.

सूर्य डोंगराआड गेला आणि झाडीत पानं हलली. ती आली. थांबत, वास घेत, पोट जमिनीला घासत. करंडीपाशी उभी राहिली, आत तोंड घातलं आणि एक पिलू मानेला धरून उंबरावर चढली. लीलाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. ती परत आली, दुसरं नेलं. मग बराच वेळ काहीच नाही. अंधारायला लागलं. तिसरं पिलू एकटंच ओरडत होतं. माझ्या मनगटात लीलाताईंची नखं रुतली होती आणि मी हात सोडवून घेतला नाही.

ती आली. तिसरंही घेऊन गेली.

लीलाताई लगेच उठल्या नाहीत. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिल्या. मग पदरानं चेहरा पुसला, जाऊन रिकामी करंडी उचलली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला."

परतीच्या वाटेवर नाशिकचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "पगारे, तुमची आई कुठे असते?"

"मनमाडला."

"कधी गेला होतात?"

"दिवाळीत."

"मनमाड काय लांब आहे?" लीलाताई बाहेर बघत म्हणाल्या. "जाऊन या की."

पुढच्या शनिवारी बँक सुटल्यावर मी तसाच स्टेशनवर गेलो.