बहुमताने पाणी आलं नाही

"नळाखाली हात धरल्याशिवाय 'पाणी आलं' म्हणू नकोस गं, नीलम्मा."

माझ्या सासूबाई, शिवबाई, जाऊन बरीच वर्षं झाली. पण नळात गुरगुर सुरू झाली की आधी त्यांचा आवाज येतो, मग पाणी. हेच त्यांनी आपल्या थोरल्या मुलालाही सांगितलं होतं. पण सिद्धलिंगप्पा भावजींनी तेव्हा सांगणारीचाच संशय घेतला.

"नीलम्मा, ध्यानात ठेव," भावजी परवाच जेवता जेवता म्हणाले, "सोलापूरच्या दोन गोष्टी जगात गाजल्या. एक चादर, दुसरी माझी नजर. त्यातली चादर धुतली की आटते."

भावजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात टॉवेल तपासायला होते. टॉवेल उजेडात धरायचा आणि सुटलेला धागा शोधायचा. निवृत्त झाले तेव्हा टॉवेल संपले, नजर उरली. ती शुक्रवार पेठेवर आली. त्यांनी कार्ड छापून घेतलं: 'सिद्धलिंगप्पा, खासगी गुप्तहेर'. खाली फोटो, घराचा पत्ता, आणि त्याखाली 'पूर्ण गुप्तता'. शेजारच्या खोलीत एकटेच राहतात, जेवायला आमच्याकडे असतात. ते बोलतात, मी वाढते. मला ते आपली 'सहायक' म्हणतात.

माझे नेम साधे आहेत. पूजा झाल्याशिवाय पाणी तोंडाला लावायचं नाही, आणि संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत मोबाईलला हात लावायचा नाही. भावजी तर्क लढवायला लागले की मी मनात जप सुरू करते, म्हणजे हसू येत नाही. त्यांच्या कृपेने माझा जप रोज वेळेआधी पुरा होतो.

तर ही केस पाण्याची.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि आल्याचं आधी कळवत नाही. पूर्वी ते गल्लीतले, घरीच टॉवेलचा लूम चालवणारे बंदेनवाजचाचा कळवायचे. पहाटे नमाजाहून परतताना नळाखाली हात धरायचे आणि काठीने दारं वाजवत यायचे, "उठो, पानी आया, पानी!" ती काठी कधी खोटी वाजली नाही. मग गल्लीचा ग्रुप झाला. किराणावाला रेवणप्पा ॲडमिन झाला आणि म्हणाला, "चाचा, आता काठीची काय गरज? तुमी पण ग्रुपवर या की."

चाचा ग्रुपवर आले. आणि थोड्याच दिवसांत तो मेसेज आला: 'पाणी आलं. ताबडतोब भरून घ्या. एक जागरूक नागरिक.' सोबत धो धो वाहणाऱ्या नळाचा फोटो. बायका हातातलं टाकून धावल्या. नळ कोरडा. पुढच्या आठवड्यात तोच मेसेज दुसऱ्या कुणीतरी टाकला. पुन्हा धाव, पुन्हा कोरडा नळ. तिसऱ्यांदा तो चाचांच्या फोनवरून आला. होटगीहून त्यांच्या भाच्याने, सलमानने, पाठवलेला. त्यांनी भल्या मनाने पुढे ढकलला. नेमके त्या दिवशी माझे 'हे' लूम बंद ठेवून एमआयडीसीतून सायकल हाणत आले आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या.

ग्रुप पेटला. 'हे मुद्दाम चाललंय.' 'त्यांच्यावर भरवसा ठेवायचाच कशाला?' असंही कुणी लिहिलं. 'त्यांच्यावर' म्हणजे कुणावर, ते लिहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं. रेवणप्पाने मतदान लावलं आणि चाचांना बहुमताने ग्रुपमधून काढलं.

एरवी मी म्हटलं असतं, बरं झालं, डोक्याची कटकट गेली. पण शुक्रवारी त्यांच्या मुलीचं, फिरदोसचं लग्न होतं, दारातच मांडव. आमच्या गल्लीची रीत अशी की लग्नघरासाठी प्रत्येक घर एक पिंप पाणी बाजूला ठेवतं. या वेळी कुणी पिंप ठेवेना. चाचांची बायको लालबी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"नीलम्मा, पाव्हणे आले आणि हात धुवायला पाणी नसलं, तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागंल गं."

"एक पिंप माझं," मी म्हटलं. "सिद्धरामेश्वराची शपथ."

भावजींनी हे ऐकलं आणि त्यांच्यातला गुप्तहेर ताटावरून उठला. आमटी तशीच राहिली. त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं: 'खऱ्या गुन्हेगाराला मी स्वतः कॉलर धरून बंदेनवाजच्या दारात उभा करीन, पाण्यासकट! हे सिद्धलिंगप्पाचं वचन आहे.' त्याला खूप अंगठे आले.

तपास फोटोवरून सुरू झाला. मला तो त्यांनी दाखवला नाही. माझ्या फोनवर ग्रुप नाही. दिव्याआधी मी फोन धरत नाही, आणि दिव्यानंतर ते 'पुरावा आहे' म्हणून फोन पालथा ठेवत. मला फक्त निष्कर्ष मिळत, भाकरीच्या बदल्यात.

सोमवारी म्हणाले, "उजेड डाव्या अंगाने येतोय. डावीकडं पूर्व. पूर्वेला अक्कलकोट. त्याच्या पलीकडं कर्नाटक! पाणी उजनी धरणाचं, डोळा शेजाऱ्याचा."

"भावजी, कर्नाटकाला आपल्या गल्लीतला नळ कशाला हवा?"

"हाच प्रश्न मलाबी पडला, म्हणूनच संशय बळावला." त्यांनी भाकरी मोडली.

मंगळवारी कर्नाटक निर्दोष सुटलं. आता निवडणूक. "वॉर्डात पाणी रोज येतं असं भासवायचा हा सत्ताधाऱ्यांचा प्रचार हाय." दुपारी त्यांनी दुरुस्ती केली. पाणी येत नाही हे लोकांना रोज आठवावं म्हणून तो विरोधकांचा प्रचार होता. संध्याकाळी दोघं मिळालेले होते.

बुधवारी तर ते थरथरतच आले. "नीलम्मा, हा नळ जगात नाहीच! कम्प्युटरनं बनवलाय. एआय! पुरावा सांगू? नळाच्या तोंडाला टॉवेलाची चिंधी बांधलीय. खरा माणूस असं कशाला करंल?"

"पाणी उडू नये म्हणून," मी म्हटलं. "तुमच्या नळालाही आहे की."

"माझी गोष्ट वेगळी. माझा नळ खरा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण बनवणाऱ्यानं आपला स्वभाव चित्रात सोडलाय. बादलीची कडी मोडलीय, तिला काथ्या बांधलाय. म्हणजे माणूस चिकट. नळाला शेवाळ, म्हणजे घरात बाईमाणूस नाही. आणि फोटोत निम्मं बोट आलंय, म्हणजे अडाणी असून स्वतःला लई शहाणा समजणारा. असा एक इसम या पेठेत हाय, नीलम्मा. मी त्याच्या अगदी जवळ पोचलोय."

मी जप वाढवला.

गुरुवारी सकाळी, लग्नाच्या आदल्या दिवशी, मी पूजेवरून उठते तोच नळ गुरगुरला. सासूबाई बोलल्या. मी हात खाली धरला. गार, खरं, भरपूर पाणी. मी पिंपाला पाईप लावला.

तेवढ्यात गल्लीत काठी वाजली. ग्रुपमधून काढल्यावर चाचांकडे तेवढीच उरली होती. "पानी आया, पानी!"

दारं उघडली. लोक बाहेर आले, त्यांनी चाचांकडे बघितलं आणि मग फोनकडे. फोनवर काहीच नव्हतं. मग कुणीतरी वाहत्या नळाचा ताजा फोटो टाकला, त्याखाली दहा जणांनी 'फेक' लिहिलं. रेवणप्पाने दुकानाच्या पायरीवरून मतदान लावलं: 'पाणी आलंय का? हो / नाही.'

मी कधी मतदान एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. समोरची वैष्णवी एका हाताने वाहता नळ बंद करत होती, दुसऱ्याने 'नाही' दाबत होती. तिच्या पायाला पाणी लागलं तशी ती पायरीवर चढली आणि पुन्हा फोन बघू लागली.

"अगं वैष्णवी, वाहतंय की!"

"दिसतंय हो काकू. पण निकाल तर लागू दे!"

निकाल लागला. बहुमताने पाणी आलं नव्हतं. भावजी ओट्यावर उभे राहिले, धोतराचा सोगा वर धरून, कारण खालून पाणी चाललं होतं. "नागरिकहो! जनतेनं कौल दिलाय. जे दिसतंय त्यावर जाऊ नका. दिसणं हाच त्यांचा डाव हाय!"

गटार भरून वाहायला लागली. लालबी मात्र फोन घेऊन माझ्याकडे पळत आली. तिचं पिंप छोटं, ते कधीच भरलं होतं. आता तिला गल्लीची पिंपं हवी होती.

"नीलम्मा, हात नको लावूस, तुझा नेम हाय. नुसतं बघ. ज्याच्यापायी आमची इज्जत गेली तो ह्यो फोटो. रात्रभर मोठा करून बघितला मी. ये टॉवेल देख. ही निळी किनार आमच्या लूमची. धागा सुटला म्हणून हा माल बाजारात गेलाच नाही. एकच तुकडा ह्यांनी एका माणसाला दिला होता."

मी बघितलं. टॉवेल मला ओळखू आला नाही. बादली आली. काथ्या मीच बांधला होता. दिवाळीला चकल्यांचं पीठ भिजवायच्या आधी ती कुणीतरी 'दोन मिनिटांसाठी' नेली होती.

मी ओट्यापाशी गेले. मला ओरडता येत नाही. पण गल्ली कौल देऊन गप्प झाली होती, त्यामुळे ऐकू गेलं.

"भावजी, माझी बादली परत द्या."

"कुठली बादली?"

"त्या फोटोतली."

भावजींनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग लांब. मग आपल्या खोलीच्या उघड्या दारातून आत बघितलं. तिथे नळ वाहत होता, तोंडाला निळ्या किनारीची चिंधी, खाली काथ्याची बादली, भरून सांडत असलेली.

"गुन्हेगार... माझ्या घरात शिरला होता," ते म्हणाले.

"रोज शिरतो की वो," लालबी म्हणाली. "झोपतो पण तिथंच."

मग त्यांना हळूहळू आठवलं. उन्हाळ्यात एकदा पाणी आलं होतं. कामावरच्या माणसांना कळावं म्हणून त्यांनी जुन्या कारखान्याच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. नाव कशाला मिरवायचं, म्हणून खाली 'एक जागरूक नागरिक' लिहिलं होतं. तिथून तो मेसेज कुणाच्या तरी सासरी गेला, तिथून होटगीला, आणि फिरत फिरत गल्लीत परतला. मेसेज खरा होता. त्या एका दिवसापुरता.

"पण भावजी, तुम्हाला ओळखू कसा आला नाही?"

"मी जागरूक नागरिकाला शोधत होतो, नीलम्मा," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मी तोच, हे मला कोण सांगणार?"

रेवणप्पाने खाली बघितलं आणि आपला हात पायरीवरून वाहणाऱ्या पाण्यात बुडवला. मग उठून दुकानातलं रिकामं पिंप ओढत बाहेर काढलं. "चाचा, नळ अजून चालू हाय का वो?"

चाचांनी नळाखाली हात धरला, आणि काठी वाजवली.

मग पळापळ झाली. धार बारीक होत होती. वैष्णवीने फोन पदरात खोचला आणि पातेलं लावलं. माझं पिंप भरलेलं होतं. मी घागर बुडवून कमरेवर घेतली आणि वळले, तर भावजी त्यांच्या दारातून बाहेर येत होते. उजव्या हातात माझी बादली, काठोकाठ भरलेली. डाव्या हाताने त्यांनी आपल्याच सदऱ्याची कॉलर घट्ट धरली होती. आणि तसेच, स्वतःला ओढत, पाणी सांडू न देता, ते बंदेनवाजचाचांच्या मांडवाकडे चालायला लागले.