कपाटाची पाठ

"बाबा, राग मानू नका, पण तुमची गाडी म्हणजे चाकांवरचं कपाट आहे," जावई म्हणाला.

मास्तरांनी ताबडतोब राग मानला.

मास्तर म्हणजे शिंपी. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीस वर्षं कोट शिवत होते. गाडी अठ्ठावीस वर्षांची. पुढून सपाट, मागून सपाट, वरून सपाट. लहान पोराला कागदावर गाडी काढायला सांगितली आणि हातात फक्त पट्टी दिली, तर ते जी काढेल ती ही. पण तिच्या छताखाली मास्तरांनी एक आडवी दांडी बसवली होती आणि त्या दांडीला अकरा कोट लटकवले तरी अकराव्यालाही सुरकुती पडत नसे. माणसं वाकून बसली तरी चालतील, कोट ताठ उभे राहिले पाहिजेत, असं मास्तरांचं मत होतं. माणसांना ते पटत नसे, पण माणसं कोटाइतकी महाग नव्हती.

जावई मोटारींच्या कारखान्यात होता. तिथे म्हणे एक बोगदा होता. त्यात गाडी उभी करायची, समोरून भलामोठा पंखा सोडायचा आणि वारा तिला कुठे अडतो ते बघत बसायचं. "याचा पगार देतात?" असं मास्तरांनी लग्न ठरवतानाच विचारून घेतलं होतं. जावयाची स्वतःची गाडी अंघोळीच्या साबणासारखी होती, तीही महिनाभर वापरलेल्या. कुठे कोपरा म्हणून नाही. मास्तर तिला साबणच म्हणत.

"दोष पुढचा कमी, मागचा जास्त," जावई आता रंगात आला होता. "वारा छतावरून सरळ येतो आणि मागे छत एकदम संपतं. तिथे पोकळी तयार होते. ती गाडीला मागे खेचते. तुमचं कितीतरी पेट्रोल त्या पोकळीलाच पोसतंय. पाठ निमुळती असती, तर वारा अलगद निघून गेला असता."

"म्हणजे पाठीत झोळ आहे."

"झोळ नाही बाबा, पोकळी."

"आमच्यात तिला झोळ म्हणतात. पाठ आत घ्यावी लागेल, एवढंच."

"मोटारीची पाठ घेता येत नाही!"

मास्तर उठले, गळ्यातली टेप काढली आणि अंगणात जाऊन गाडीचं माप घेऊ लागले.

भांडण वाढणार हे बघून मुलीने वही काढली. ती शाळेत गणित शिकवायची. घरातला कुठलाही वाद वहीत गेला की तो वाद राहत नाही, उदाहरण होतं, असा तिचा अनुभव होता. पुढच्या रविवारी वादकांच्या एका पथकाचे अकरा कोट शेजारच्या शहरात पोचवायचे होतेच. ऐंशी किलोमीटर जायचं, ऐंशी यायचं. निघताना दोन्ही गाड्यांच्या टाक्या काठोकाठ भरायच्या, परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायच्या. जितकं आत गेलं, तितकं जळलं. एरवी कपाट एवढ्या अंतराला सोळा लीटर प्यायचं आणि साबण आठ.

"पाठ घेतल्यावर तेरा लीटरच्या आत भागलं, तर कपाट राहील," मुलगी म्हणाली. "नाहीतर भंगारात. आणि बाबा, मग रडारड नको."

"मी रडत नाही. मी उसवून पुन्हा शिवतो."

आठवडाभर मास्तरांनी दुसरं काम घेतलं नाही. वेताच्या कड्यांवर जाड रेक्झिन ताणून त्यांनी एक शेपूट तयार केलं. गाडीच्या मागच्या कडांना बरोबर बसणारं आणि मागे निमुळतं होत जाणारं. दिव्यांसाठी काजं केली. नंबरप्लेटवर चेन लावली. आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन प्रशस्त खिसे दिले.

"खिसे कशाला?" बायकोने विचारलं.

"बिनखिशाचं आजवर काही शिवलंय का मी?"

"गाडी खिशात काय घालणार आहे?"

"ते तिचं ती बघेल. गिऱ्हाइकाला मी विचारत नाही."

रविवारी सकाळी पंपावर दोन्ही टाक्या भरल्या. कपाटात मास्तर, बायको आणि अकरा कोट. मागे साबणात जावई आणि वही घेऊन मुलगी. शेपटाचं काय होतं ते नीट दिसावं म्हणून जावयाने ठरवलं, की आपण मागेच राहायचं.

पहिल्याच चौकात वाहतूक पोलिसाने हात केला.

"हे काय आहे?"

"पाठ," मास्तर म्हणाले.

"कुणाची?"

"गाडीची. आधी नव्हती."

पोलिसाने कपाटाला एक फेरी मारली. "नंबर कुठंय?"

मास्तर खाली उतरले आणि शांतपणे चेन उघडली. आत नंबर होता. पोलिसाने तो वाचला आणि चेन स्वतः दोनदा बंद करून उघडून पाहिली. "दोरा डबल आहे का?"

"तिहेरी."

पोलिसाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मास्तर, हा शर्ट पोटावर आवळतो हो. वाकलं की बटण उडतं. परवा एका स्कूटरवाल्याला लागलं."

"सोमवारी दुकानात या. पोट घेऊन या."

गाव संपलं, मोठा रस्ता लागला. मास्तरांनी वेग वाढवला. चाळीस, पन्नास, साठ. साठाला कपाटाने एक हुंकार दिला आणि कुणीतरी मागून सदरा धरावा तसं ते अडखळलं. मास्तरांनी पाय आणखी दाबला. कपाट आणखी अडखळलं.

"काहीतरी ओढतंय," बायको म्हणाली.

"नवीन कपडा अंगावर बसायला वेळ लागतो."

शेजारून एक ट्रक आला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "मामा! गाडीने बाळसं धरलंय!"

बायकोने आरशात पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. चारही खिसे टम्म फुगले होते. मास्तरांनी शेपूट कोटासारखंच कापलं होतं: कॉलरची बाजू गाडीकडे, खिशांची तोंडं कॉलरकडे. कोट अंगात घालून माणूस उभा असतो, तेव्हा खिसा आभाळाकडे बघतो. मास्तरांनी कोट आडवा केला होता. खिसे आता समोर बघत होते, आणि समोरून येणारा सगळा वारा त्यांच्यात निमूट जाऊन बसत होता.

"अहो, थांबा आणि ते खिसे शिवून टाका. सुईदोरा आहे माझ्याकडे."

"शिवून टाकू? म्हणजे लोक म्हणणार, मास्तरला खिसे जमले नाहीत."

"लोक आत्ता काय म्हणतायत ते ऐकलं ना?"

"त्याला शिवणातलं काय कळतंय!"

"कपाट जाईल हो आपलं."

मास्तरांनी वळून पाहिलं. मागे अकरा कोट ताठ उभे होते. "गेलं तर खिशांसकट जाईल," ते म्हणाले आणि पायाखालची वेगाची पट्टी पार तळाला नेली.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, खिसे खरंच उत्तम जमले होते. ऐंशी किलोमीटर जाऊन ऐंशी परत आले, पण एकही टाका हलला नाही. इंजिन मात्र पंपावर पोचल्यावर आजारी म्हशीसारखं धापा टाकत होतं. पंपावरच्या माणसाने नळी कपाटाच्या टाकीत घातली. आकडे फिरत राहिले. तेरा आला, गेला. सोळा आला, गेला.

"एकोणीस," मुलीने वहीत लिहिलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "बाबा..."

"लिही, लिही. ठळक लिही."

मग साबणाची टाकी भरली. नळी सहा लीटरवरच खटकन थांबली.

"सहा!" जावई ओरडला. "सहा, बाबा! बघितलं? याला म्हणतात आकार! आमच्या कारखान्यातसुद्धा कधी सहा..." आणि तो मध्येच थांबला. कारखान्यातसुद्धा कधी सहा आले नव्हते. सातही आले नव्हते.

मुलगी वहीतून वर बघत होती. पोरांच्या गृहपाठात अचानक बरोबर आलेलं उत्तर दिसलं की ती असंच बघायची. "तुमचं रोजचं आठ. मग दोन लीटर कुठे गेलं?"

जावई घाम पुसू लागला. खोटं बोलायचं म्हटलं असतं तर तेवढ्यात जमलं असतं, पण बिचारा आकड्यांच्या बाबतीत प्रामाणिक होता. "म्हणजे... आम्ही बाबांच्या मागे फार जवळून आलो. पुढची गाडी वारा बाजूला सारते. मागच्याला मोकळी जागा मिळते. मागच्याला फारसं... काही करावंच लागत नाही."

"एवढ्या जवळून?" बायको म्हणाली. "तरीच मी म्हणतेय, आरशात सारखं तुमचंच कपाळ का!"

मास्तरांची छाती हळूहळू रुंद झाली. "थांबा. एकदा नीट सांगा. वारा कुणी फाडला?"

"तुम्ही."

"आणि पेट्रोल कुणाचं वाचलं?"

"माझं," जावई पुटपुटला.

"आणि भंगारात कोण जाणार?"

जावयाने साबणाची काच पुसायला घेतली.

मुलीने पान फाडलं. "ही चाचणी रद्द. पुढच्या रविवारी पुन्हा. शेपूट नको, बाकी अट तीच, तेरा लीटर. आणि पुढे कोण, मागे कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी नुसती लिहिणार."

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता दोन्ही गाड्या काठोकाठ भरून पंपाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. कपाट बिनशेपटीचं होतं.

"चला, जावईबापू," मास्तरांनी खिडकीतून हात केला. "व्हा पुढे."

"छे छे, बाबा. वडीलधाऱ्यांच्या पुढे जाऊ का मी? तुम्ही व्हा."

"जावयाचा मान पहिला."

"वयाचा त्याहून पहिला."

"मी आपला गरीब शिंपी. नवी गाडी, नवं रक्त, तुम्हीच रस्ता दाखवा."

"रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहितीये, बाबा."

"म्हातारपणी विसरायला होतं हो."

मास्तरांनी कपाट दोन हात मागे घेतलं. जावयाने साबण चार हात मागे घेतला. मास्तरांनी आणखी घेतलं. साडेनऊला दोन्ही गाड्या पंपाच्या मागच्या भिंतीला टेकल्या. बायको आणि मुलगी दहाला उतरल्या आणि समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेल्या.

याला आता चार महिने झाले. दर रविवारी आठ वाजता दोघंही न चुकता पंपावर हजर असतात. दोघांपैकी कुणीही इंजिन बंद करत नाही, कारण समोरचा एकाएकी निघाला तर त्याच्या मागे लागता आलं पाहिजे. कपाट अजून विकलेलं नाही. चाचणी पूर्ण होईपर्यंत विकायचं नाही, असं वहीत लिहिलेलं आहे.