सात माशांचा निकाल

"मासा ओळखायला मला डोळेसुद्धा लागत नाहीत. दोन बोटं पुरतात!"

थायलंडमधल्या क्राबीच्या हॉटेलात, सकाळी साडेसात वाजता, सखारामभाऊंनी ही घोषणा इतक्या जोराने केली की शेजारच्या टेबलावरील परदेशी जोडप्याने घाईघाईने आपली ताटे जवळ ओढली.

भाऊंच्या या आत्मविश्वासामागे तीस वर्षांची तपश्चर्या होती. पालीच्या बाजारात, मासेवाल्या यमुनाबाईंच्या पाटीसमोर उकिडवे बसून त्यांनी असंख्य मासे तपासले होते. कल्ला उचलून आतला लाल रंग पाहावा, पोटावर अंगठा दाबावा, डोळ्यांत रोखून पाहावे. एखाद्या वृद्ध वैद्याने नाडी धरावी तशी ती गंभीर, अबोल घटका असे. आणि गेले चार दिवस याच माणसाला सहलवाल्यांनी काय खाऊ घातले होते? पनीर! खिडकीबाहेर अथांग निळा समुद्र, आणि ताटात पनीर! लाटांची गाज ऐकत जिरा राईस गिळणे हा त्यांना साऱ्या रत्नागिरी जिल्ह्याचा अपमान वाटत होता.

आज मात्र दिवस मोकळा होता. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून रजा काढून आलेला त्यांचा मित्र संदेश, त्याची बायको नम्रता, आणि स्वतःच्या पत्नी आनंदीबाई, अशा तिघांना भाऊंनी शब्द दिला.

"आज तुम्हाला मासा मी खिलवणार. शिळा निघाला तर पुन्हा जन्मात बोट लावणार नाही!"

सकाळी ते लाकडी होडीतून बेटे पाहायला गेले. पाण्यातून थेट आभाळात घुसलेले चुनखडीचे सुळके, त्यांच्या कपारींत साचलेला हिरवा काळोख, आणि त्याखाली स्वतःशीच काही पुटपुटणारे पाणी! नम्रता हरखून गेली.

"भावजी, काय सुंदर आहे हो!"

"आपल्या आरे-वारेच्या किनाऱ्याला काय कमी आहे?" भाऊ गुरगुरले. "शिवाय तिथून घरी जाऊन जेवता तरी येतं!"

दुपारी एक वाजता ते किनाऱ्यावरच्या एका खानावळीपुढे उभे राहिले. दारातच बर्फाच्या शय्येवर सात मासे पहुडले होते. शेजारी एक हसतमुख मुलगी, तिच्या एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात मोबाइल. डोक्यावर एक चित्रफलक होता: आधी हात, मग मासा, मग ताट.

"काय लिहिलंय भाऊ?" संदेशने विचारले.

"हात धुऊन जेवायला बसा. स्वच्छ देश आहे!"

भाऊंनी बाह्या सरसावल्या. पहिल्याच तांबोशीचा कल्ला उचलला. आत जास्वंदीसारखा लालभडक रंग फुलला होता. भाऊंनी तोंड वाकडे केले.

"छ्या! चार दिवसांचा आहे!"

"अहो, चांगला ताजा तर दिसतोय," आनंदीबाई म्हणाल्या.

"तू गप्प बस गो!" भाऊ दबक्या आवाजात गुरकावले. "चांगल्याला चांगलं म्हटलं की भाव चढलाच. घ्यायचा त्यालाच नावं ठेवायची असतात!"

मग त्यांनी एकेका माशाची अब्रू घेतली. दुसऱ्याचे डोळे नापास झालेल्या पोरासारखे होते. तिसऱ्याचे पोट रिकाम्या उशीसारखे. चौथ्याचा तर त्यांनी वंशच काढला. प्रत्येक वेळी मुलगी हसून मान डोलवी आणि मोबाइल समोर धरी.

"फोटो काढतेय," भाऊ हळूच संदेशला म्हणाले. "असा जाणकार इथे कधी आला नसेल!"

सातवा मासा धिक्कारून भाऊंनी हात झटकले आणि पाठ फिरवून ते चालू लागले. पालीत तिसऱ्या पावलाला हाक येते: "ओ भाऊ, मागे तर फिरा!" इथे तिसरे पाऊल झाले. दहावे झाले. विसाव्या पावलाला चपलांचे दुकान लागले. तिथे त्यांनी पाच मिनिटे एका लहान मुलीच्या गुलाबी चपलेचे निरीक्षण केले.

हाक आली नाही.

"गिऱ्हाइकाला हाक मारायची रीत नाही!" भाऊ कडाडले. "कसला देश म्हणायचा हा?"

"भाऊ, भूक लागली," संदेश म्हणाला.

ते परतले, तर बर्फ रिकामा! सात माशांच्या आकाराचे सात खळगे तेवढे उरलेले. भाऊंचा चेहरा उजळला.

"बघितलंस? लाजेनं उचलून टाकले! बसा. आता ताजा माल येईल."

अर्ध्या तासाने ताटे आली. एक, दोन, तीन... सात! लसूण, लिंबू आणि मिरचीच्या वाफेत न्हालेले सात मासे, आणि पहिली तीच तांबोशी!

"हे आमचे नाहीत!" भाऊ उभेच राहिले. "मी एकसुद्धा पसंत केलेला नाही!"

मुलीने नम्रपणे मोबाइल पुढे केला. सात फोटो. सात कल्ले. प्रत्येक कल्ल्यात दोन बोटे. मग तिने वरच्या फलकाकडे हात दाखवला: हात, मासा, ताट.

"हात लावाल तो तुमचा, असं आहे तर ते," संदेश सावकाश म्हणाला. "आणि भाऊ, बोटं तुमचीच. अंगठीसकट."

"पण मी शिळे ठरवलेत!"

एव्हाना नम्रताने घास घेतला होता. "भावजी, अहो, हा तर अजून पोहतोय!"

सखारामभाऊंची खरी कोंडी आता झाली. खावे, तर दिलेला निकाल खोटा ठरतो. न खावे, तर पोटात वणवा! ताठ मानेने त्यांनी नुसता भात घेतला. समोर तिघांची बोटे चपळाईने चालत होती, काट्यांचे ढीग वाढत होते, आणि प्रत्येक झुळुकीबरोबर लसणाचा वास जुन्या दुःखासारखा त्यांना बिलगत होता.

ते मासा खात नाहीत, हे त्या मुलीच्या ध्यानात आले. ती कळवळली. लगबगीने आत गेली आणि शाकाहारी पाहुण्यासाठी मोठ्या आदराने एक बशी घेऊन आली. बशीत पांढरे, मऊ, चौकोनी तुकडे होते.

भाऊंनी बशीकडे पाहिले. "पनीर," ते क्षीण आवाजात म्हणाले.

ते सोयाबीनचे टोफू आहे, हे सांगण्याचे धाडस कोणालाच झाले नाही.

आनंदीबाईंनी तांबोशीची पाठ अलगद सोडवून त्यांच्या भातावर ठेवली. "खा आता. कोणी बघत नाही."

भाऊंनी इकडेतिकडे पाहिले. घास घेतला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले.

"शिळाच आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी अख्खे ताट आपल्याकडे ओढले.

संदेशने नेमका तेव्हाच फोटो टिपला. भाऊ पालीला पोचण्याआधी तो फोटो, त्यांच्या 'शिळाच आहे' या निकालासकट, बाजारात पोचला होता. पहिल्याच सकाळी पिशवी घेऊन, दोन्ही हात पाठीशी बांधून ते पाटीसमोर उभे राहिले, तेव्हा यमुनाबाईंनी पदर सावरत विचारले,

"या भाऊ! आज कोणता शिळा देऊ?"