सुटलेल्या गठ्ठ्यांतली घरं

खण्ण. पत्र्याच्या पेटीचं झाकण परातीवर पडलं आणि भर दुपारी गप्प पडलेलं घर दचकलं. विमल चुलीपासून उठून धावत आली, तर सात वर्षांची कुंदा कार्डांच्या ढिगात बसून बाहुलीला पाळणा बांधत होती. पाळण्याचा एक दोर लाल, एक पांढरा.

"कुंदे, हे दोरे कुठचे व?"

"गठ्ठ्यायचे. बाहुली रडून राह्यली होती."

विमलनं ढीग चाळला; दोन्ही गठ्ठे सुटून एकमेकांत मिसळले होते. तिच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, महिनाभर उन्हात दारोदार फिरून भरलेली ती कार्डं. माणसं किती, खिडकी आहे का, पाणी कुठलं, मुलं झाली किती, जगली किती. लोकांनी खरं सांगावं म्हणून कार्डावर नाव घालायचं नाही, असा सरकारी डॉक्टरसाहेबांचा हुकूम. लाल दोऱ्याचा गठ्ठा तांड्याचा, पांढऱ्याचा गावाचा, एवढीच काय ती खूण. सरकार एकच विहीर बांधणार होतं. जिकडे लेकरं जास्त दगावली, तिकडे. वामनराव साहेबांना आणायला नेरला गेले होते आणि चारच्या मोटारीनं येणार होते.

कोणतं कार्ड कुठलं ते ओळखायला तिनं दारासमोरच्या सडकेवरून जाणाऱ्या, गावातल्या इंदूबाईंना हाक मारली. मोळी टाकायला आलेली तांड्यावरची बसंतीबाईही टेकली. विमल वाचू लागली.

"माणसं अकरा, चुली दोन."

"बळीरामचं घर," इंदूबाई म्हणाल्या. "सासूसुनेचं पटत नाई. देवही वाटून घेतले त्याईनं."

"माणसं सहा. म्हैस घरातच. खिडकी एक, म्हशीच्या बाजूला."

"आमचा देवसिंग." बसंतीबाई हसली. "म्हशीले वारा पाह्यजे म्हने. बायको काय, झाडाखाली बसते."

ढीग भराभर वाढू लागले. विमलला हायसं वाटलं.

"मुलं झाली पाच, जगली दोन."

"आमच्यातलं हाये," दोघी एकदमच म्हणाल्या.

इंदूबाईंनी कार्ड पकडलं. "तीन गेलेली हायेत, इकडंच टाक. विहीर काय तांड्यानंच न्यावी?"

"तुमचे गेलेले तरी वळखा, मावशी." बसंतीबाईनं आवाज चढवला नाही. "हे माहं घर हाये. तिघं एकाच पावसाळ्यात गेले."

इंदूबाईंची बोटं आपोआप सुटली.

मग कुणी ओढाओढ केली नाही. विमल आकडे वाचायची आणि दोघींपैकी एक हलकेच नाव घ्यायची. दात यायचा होता तो. नुकती बसू लागलेली ती. बारशाच्या आधीच गेलेला एक, त्याला नावच नव्हतं. त्याच्यासाठी इंदूबाई नुसत्याच थांबल्या. नावं संपेनात. विमलनं नकळत पदर आवरून पाय जवळ घेतले, कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तसे. वारा पडला होता. खुंटीवरचा बाहुलीचा पाळणा मात्र हलत होता, आणि कुंदा तर कधीची दारात होती.

शेवटी बसंतीबाईनं गेलेली लेकरं बोटांवर मोजली. तांड्याची एकोणीस, गावाची एकोणीस.

"घ्या, आता विहीर सडकेच्या मधात खंदा," इंदूबाई म्हणाल्या. हसलं कुणीच नाही.

एक कार्ड उरलं होतं.

"माणसं तीन. पाणी, कधी गावचं, कधी तांड्याचं. मुलं झाली तीन, जगलं एक."

"आमच्यातलं नाई," इंदूबाई म्हणाल्या.

"आमच्यातलंही नाई," बसंतीबाई म्हणाली, आणि मग तिनं विमलकडे पाहिलंच नाही.

गाव आणि तांडा यांच्या मधे सडकेवर घर होतं एकच, हे. वामनरावांनी त्याचंही कार्ड भरलं होतं आणि बायकोला अक्षरानं सांगितलं नव्हतं.

लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला. कुंदानं येऊन आईच्या हातातलं कार्ड ओढलं आणि आकड्यांवर बोट ठेवलं.

"माय, तिनातून एक गेला तं दोन राह्यले. मंग ते दोघं कोनाकडं राह्यते?"